तीनशे गाठींची वई

पुष्पाबाईंना कोणी विचारलं, तुम्ही शेतावर काय काम करता, तर त्या आपल्या अहिराणीत सांगतात, "गिलक्याले हात लावत नही. हाईच मनं काम शे." हात न लावणं हेच काम, म्हटल्यावर विचारणारा हसतो. मीही पहिल्यांदा हसले होते. आता मला हसणाऱ्यांचा राग येतो, कारण गिलक्याला, म्हणजे घोसाळ्याला, हात लावावा लागू नये म्हणून या बाईने तीन वर्षं काय काय केलं ते मी वरच्या मजल्यावरून पाहिलं आहे.

सुरतेच्या बमरोलीत आमची गल्ली आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि पाठीला भिंत लागून लूमचा कारखाना. खालच्या खोलीत पुष्पाबाई आणि लोटूभाऊ राहतात, वर मी. मी मराठी शाळेत शिकवते. सुरतेत मराठी शाळा आहे हे ऐकून माझे पुण्याचे नातेवाईक भुवया उंचावतात. त्यांना सांगावं लागतं की आमच्या गल्लीत अर्धं जळगाव, पाव धुळे आणि उरलेलं हिंगोली-वाशीम नांदतं, आणि इथली पोरं गुजरातीत भांडतात, हिंदीत क्रिकेट खेळतात आणि मार खाताना मात्र आईला मराठीतच हाक मारतात.

लोटूभाऊ चोपडा तालुक्यातून सतराव्या वर्षी इथे आले आणि थेट लूमवर उभे राहिले. अडतीस वर्षं उभेच होते. लूमच्या खडखडाटात कान जातात हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कान जाताना कोणाला सांगून जात नाहीत. लोटूभाऊंना ते कळलं एका सुट्टीच्या दिवशी. मशीन बंद, गल्ली शांत, आणि योगिता, म्हणजे त्यांची मुलगी, समोर उभी राहून बोलतेय, तर तिचे नुसते ओठ हलतायत. ती आता सासरी नवसारीला असते. तिचा फोन आला की पुष्पाबाई बोलतात आणि लोटूभाऊ पडद्यावर तिचं तोंड बघत बसतात.

कान गेल्यावरही त्यांनी सहा वर्षं काम केलं, आणि झोकात केलं. मशीनच्या चौकटीवर तळहात ठेवायचे आणि सांगायचे, हे दुपारपर्यंत बसणार. ते बसायचं. फोरमन त्यांना विचारून मग मेकॅनिकला बोलवायचा. दुसरी त्यांची ख्याती गाठीची. ताण्याचा धागा तुटला की मशीन थांबतं, आणि तुटलेली दोन टोकं जोडायला गाठ अशी लागते की ती सुटायला नको आणि फणीतून जाताना अडकायलाही नको. लोटूभाऊ ती एका चिमटीत मारत. नवीन माणूस कामाला लागला की आधी त्याला त्यांच्याकडे गाठ शिकायला पाठवत. "मनी गाठ सुटत नही," माझी गाठ सुटत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्यानेच म्हणत, त्यामुळे गल्लीत कोणाला ते माहीत नाही असं नव्हतं.

मग कारखान्यात नवी मशीनं आली. धागा तुटला की ती आपली आपण थांबतात, दिवा लावतात. मालक चांगला माणूस होता, त्याने हार घातला, शाल दिली आणि आता आराम करा म्हणाला. लोटूभाऊ ओट्यावर येऊन बसले. ज्या माणसाचे हात अडतीस वर्षं थांबले नव्हते तो माणूस दिवसभर गुडघ्यावर तळवे ठेवून बसलेला मी जिना उतरताना पाहायची, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

पुष्पाबाईंचं तोवरचं आयुष्य साड्यांत गेलं होतं. साड्या नेसण्यात नव्हे. मिलमधून येणाऱ्या साड्यांच्या गठ्ठ्यांवरचे लोंबणारे धागे कापायचे, घरबसल्या, एका छोट्या चिमट्यासारख्या कात्रीने. ती कात्री त्यांच्या मुठीत इतकी बसली होती की त्या भाजी निवडतानाही ती हातातून ठेवायला विसरत. नवऱ्याचं काम सुटल्यावर त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. आमच्या गल्लीतल्या कलाबाई, हिंगोलीकडच्या, भेस्तानच्या पुढे ठाकोरभाईंच्या शेतावर रोजाने जायच्या. त्यांनी पुष्पाबाईंना बरोबर नेलं. काम काय, तर फुलं चोळायची.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण मलाही समजावून घ्यावं लागलं होतं. गिलक्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक नुसतं फूल, ते नर. दुसऱ्याच्या मागे बोटाएवढं गिलकं आधीच धरलेलं असतं, ती मादी. नराची पिवळी भुकटी मादीवर पोचली तर गिलकं वाढतं, नाही पोचली तर चार दिवसांत पिवळं पडून गळतं. हे पोचवण्याचं काम मधमाश्या आणि भुंगे करतात, अगदी फुकट. ठाकोरभाईंच्या मळ्यात ते काम सहा बायका करत होत्या. रोज सकाळी नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीच्या तोंडावर फिरवायचं. मांडवाखाली मान वर करून, तासन्‌तास. कलाबाईंची मान तेव्हापासून जी दुखते ती दुखतेच.

पुष्पाबाई पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या आणि तव्यावरची पोळी करपली तरी पुढची लाटतच राहिल्या. मी मीठ मागायला गेले होते. म्हटलं, काय झालं. तर म्हणाल्या, मळा मुका आहे. एवढी फुलं, आणि कुठे गुणगुण नाही. लोटूभाऊ त्यांचे ओठ वाचत होते. ते ओठ वाचतात ते फक्त पुष्पाबाईंचे, माझं त्यांना काही कळत नाही, कारण मी म्हणे शिक्षिकेसारखी तोंड वाकडं करून बोलते. मळा मुका आहे हे त्यांनी वाचलं आणि त्या दिवसापासून एक प्रश्न सुरू झाला. पुष्पाबाई शेतावरून आल्या की लोटूभाऊ ओट्यावरून विचारत, "आवाज शे का?" आणि पुष्पाबाई मान हलवत. नाही.

मळा मुका का झाला हे पुष्पाबाईंना आठवड्यात कळलं. शेताच्या चारी बाजूंनी सिमेंटचे खांब, तार आणि हिरवी जाळी. कलाबाईंनी सांगितलं, आधी इथे काटेरी थोराची जुनी वाड होती, कुंपण म्हणून लावलेली, माणसाच्या डोक्याच्या वर. तीत रुई, गुळवेल, रानतोंडली, काय वाट्टेल ते माजलेलं. ठाकोरभाईंनी ती जेसीबी लावून काढली, कारण ती दोन्हीकडून हातभर जमीन खात होती. कुंपणच शेत खातं असं आपण राखणदार बेइमान झाला की म्हणतो. ठाकोरभाईंचा त्यावर शब्दशः विश्वास होता.

पुष्पाबाईंच्या बापाच्या शेताला चोपड्याकडे अशीच वई होती. वई म्हणजे कुंपण, पण जिवंत. त्यांनी ठाकोरभाईंना गाठलं आणि आपल्या हिंदी-गुजराती-अहिराणीच्या खिचडीत विचारलं की माश्या राहायच्या कुठे, तारेवर? गिलकं दोन महिने फुलतं, उरलेले दहा महिने त्यांनी काय खायचं? ठाकोरभाई सत्तरीचे, मोजकं बोलणारे, मजूर बाईने प्रश्न विचारलेला त्यांना आवडला की नाही ते कळायला मार्ग नाही. पण मांडवाखाली सहा बायका उभ्या करायची पाळी आपल्यावर का आली हे त्यांनाही रात्रंदिवस टोचत असणार. त्यांनी पश्चिमेच्या अंगाची जाळी काढू दिली. वर एवढंच म्हणाले, "बे वरस, पुष्पाबेन. पछी जेसीबी." दोन वर्षं देतो, मग जेसीबी. तिसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या मांडवावर माणसाचा हात न लागता गिलकं धरलं तर वई राहील, नाहीतर उखडली जाईल आणि पुन्हा तार लागेल.

मला हे कळलं तेव्हा मी अर्थातच ज्ञान पाजायला धावले. शाळेतला परागीभवनाचा तक्ता गुंडाळून खाली नेला. पुष्पाबाईंनी तो नीट पाहिला, मधमाशीचं चित्र चुकीचं रंगवलंय म्हणाल्या, आणि मग मला वई कशी लावायची ते सांगितलं. एकच झाड लावायचं नाही. शेवगा थंडीत फुलतो, अडुळसा त्याच्या आगेमागे, करवंद उन्हाळ्यात, मेंदी पावसात, निर्गुडी तर मनाला येईल तेव्हा. वर्षातला एक आठवडा रिकामा जाता कामा नये. "बाई, पाव्हनाले एकच दिन जेवाले दिधं, तर तो ऱ्हाई का?" मी तक्ता गुंडाळला.

झाडं त्यांनी विकत आणली नाहीत. निर्गुडीच्या काड्या नाल्याच्या काठच्या. अडुळसा भेस्तानच्या एका देवळामागचा, पुजाऱ्याला खोकल्याचा काढा करून देण्याच्या बोलीवर. शेवग्याच्या फांद्या आमच्या शाळेच्या अंगणातल्या, ज्यासाठी मी मुख्याध्यापकांना पर्यावरण दिनाचं निमित्त सांगितलं. करवंदाची रोपं डांगातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांनी गोणपाटात बांधून आणली. मेंदी मात्र गल्लीतल्या बायकांनी दिली, प्रत्येकीने एकेक काडी, कारण त्या म्हणाल्या की सणासुदीला पाला आम्हाला पण लागेल. आषाढात, तीनशे झाडं, दोन ओळींत.

काड्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून प्रत्येकीला बांबूची कामटी लावून बांधायची होती. आणि इथे लोटूभाऊ उठले. कोणी बोलावलं नव्हतं. बांधायचं आहे एवढं त्यांनी वाचलं आणि कारखान्यात जाऊन एक पोतं भरून पट्ट्या घेऊन आले. कापड विणताना मशीन त्याच्या दोन्ही कडांची पट्टी कापून खाली टाकतं, करंगळीएवढी रुंद, लाल, पोपटी, राणी रंगाची, पॉलिस्टरची. बमरोलीत तिने खाट विणतात, बकऱ्या बांधतात, पोरं पतंगाला शेपूट लावतात. आठ दिवस लोटूभाऊ पावसात, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन, झाडामागून झाड बांधत गेले. तीनशे झाडांना तीनशे गाठी, त्यांच्या त्या सुप्रसिद्ध गाठी. मी रविवारी पाहायला गेले. सगळी ओळ रंगीबेरंगी दिसत होती आणि हा माणूस हसत होता. मी त्यांना हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी मला एक गाठ ओढून बघायला लावली. नाही सुटली.

त्या दिवशी पुष्पाबाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे मला तेव्हा वाचता आलं नाही. मला फक्त तक्ते वाचता येतात.

पहिलं वर्ष झाडांनी मुळं धरण्यात घालवलं. "आवाज शे का?" नाही. पण हिवाळ्यात अडुळसा थोडा फुलला आणि पुष्पाबाईंनी संध्याकाळी मानेऐवजी दोन बोटं दाखवली. दोन माश्या. लोटूभाऊंनी ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचवली, आणि बातमीच्या शेवटी आपली गाठ जोडली, म्हणजे सांगून टाकलं की एकही झाड आडवं झालेलं नाही, कारण मनी गाठ सुटत नही.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडं आडवी झाली. श्रावणात एका दुपारी वारा सुटला आणि छातीएवढे वाढलेले शेवगे आणि निर्गुड्या मध्येच मोडून पडल्या, एक नाही, चाळीसच्या वर. पुष्पाबाईंनी पहिलं झाड उचललं आणि त्यांना सगळं कळलं. झाड बरोबर गाठीच्या जागी मोडलं होतं. खोड वर्षभरात मनगटाएवढं झालं आणि पट्टी होती तेवढीच राहिली. ती सालीत रुतली, सालीने तिला गिळलं, आत खोडाला करकोचा पडला. वरचं अंग जड, मध्ये काडीएवढं उरलेलं. उभी असलेली अडीचशे झाडंही आतून आवळलेलीच होती, पुढच्या वाऱ्याची वाट बघत.

चोपड्याकडे झाड बांधतात ते केळीच्या सोपटाने. केळीच्या खांबाची ती वाळलेली साल पावसाळाभर टिकते आणि मग आपोआप कुजून गळून पडते, तोवर झाड आपल्या पायावर उभं राहिलेलं असतं. हे पुष्पाबाईंना बापाच्या घरापासून माहीत होतं. पण पस्तीस वर्षं सुरतेत राहून, न विटणाऱ्या, न फाटणाऱ्या, न कुजणाऱ्या कापडात हात घालून, माणसाचा कुजणाऱ्या वस्तूंवरचा विश्वासच उडतो. निदान मी त्यांच्या वतीने असं म्हणत होते. त्या संध्याकाळी त्या वर माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझं हे म्हणणं मोडून काढलं.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "पहिलाच दिन माहीत व्हतं. बोलानी हिंमत व्हयनी नही. तो हाशी राहिंता, बाई."

तो हसत होता. दिवाळीनंतर हळूच सैल करीन असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मग एकामागून एक कामं आली आणि राहून गेलं. मी या बाईला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. मीच रडले. मग त्यांनी मला बजावलं की लोटूभाऊंना हे कळता कामा नये. आणि कंबरेची ती धागे कापायची कात्री काढून पदराला पुसली.

दुसऱ्या दिवसापासून शेतातलं रोजचं काम संपलं की त्या वईकडे जात. पट्टी सालीत शिरलेली, ओढली तर साल फाटते. कात्रीचं टोक हलकेच आत सारायचं, पट्टी दोन ठिकाणी कापायची, तुकडे चिमटीने काढायचे, जखमेला शेण-मातीचा लेप द्यायचा. साडीचा धागा कापताना कापडाला टोक लागू द्यायचं नसतं, हे पस्तीस वर्षांचं शिक्षण इथे कामाला आलं. दिवसाला दहा-बारा झाडं. कापलेल्या पट्ट्या शेतात टाकायच्या नाहीत म्हणून त्या पिशवीत भरून घरी आणत आणि पलंगाखाली ठेवत. ठाकोरभाई एकदा लांबून बघून गेले. मोडलेली झाडं त्यांनी मोजली असणार. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, ते शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी.

लोटूभाऊंना कळायचं ते कळलंच. पलंगाखाली त्यांची चप्पल गेली, ती काढायला वाकले आणि पिशवी हाताला लागली. मी जिन्यावर होते, दार उघडं होतं. त्यांनी पिशवी जमिनीवर रिकामी केली. लाल, पोपटी, राणी रंगाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात एक गाठ, जशीच्या तशी. कापलेली पट्टी होती, गाठ एकही सुटलेली नव्हती. त्यांनी एक तुकडा उचलला. त्याला आतून सालीचा हिरवा पापुद्रा चिकटून वाळला होता. तो त्यांनी नखाने काढला आणि बराच वेळ पाहिला.

दोन दिवस ते ओट्यावर आले नाहीत. संध्याकाळी पुष्पाबाई घरी आल्या तरी प्रश्न विचारला नाही. त्या त्यांच्यासमोर बसून ओठ हलवत राहिल्या, ते भिंतीकडे बघत राहिले, आणि ज्याने तोंड फिरवलं त्या बहिऱ्या माणसाशी बोलायचं कसं, हे मला त्या दोन दिवसांत पाहावं लागलं. तिसऱ्या सकाळी पुष्पाबाई निघाल्या तर ते चप्पल घालून दाराशी उभे. हातात कारखान्यातली त्यांची जुनी कात्री.

त्या दिवशी मी रजा काढून मागोमाग गेले. मला उगाच भीती वाटत होती. लोटूभाऊ पहिल्या झाडाशी बसले, खोडावरून अंगठा फिरवला, करकोच्यात थांबवला. मग आपली गाठ कापली. तुकडा काढून खिशात घातला आणि बायकोकडे बघून, नेहमीसारखं मोठ्याने, पण अगदी सावकाश म्हणाले, "झाड वाढस. गाठ वाढत नही."

पुष्पाबाईंनी आपल्या छातीवर बोट ठेवलं आणि त्यांना दिसेल असं म्हटलं, "मनं चुकनं." ते मान हलवत राहिले. मला एवढंच कळलं की चूक कोणाची यावर त्या दोघांचं एकमत होणार नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. दुपारपर्यंत दोघांनी मिळून तीस झाडं मोकळी केली.

त्यानंतर लोटूभाऊ रोज जाऊ लागले. मोडलेल्या झाडांच्या जागी नव्या काड्या लावल्या. या वेळी बांधायला पुष्पाबाईंनी केळीचं सोपट भिजवून आणलं. लोटूभाऊंना त्याचा पहिल्यांदा रागच आला, कारण ते त्यांच्या चिमटीत तुटायचं. त्यांनी विचारलं, हे टिकतं किती? पावसाळाभर, पुष्पाबाईंनी सांगितलं. मग? मग झाडाला गरज नसते. साठीकडे झुकलेल्या माणसाने सुटणारी गाठ मारायला शिकणं सोपं नाही, विशेषतः ज्याने आयुष्यभर न सुटणारी शिकवली त्याला. पण शिकले. सैल, बोटभर जागा सोडून. ते सगळे जुने तुकडे त्यांनी जोडून त्याची दोरी केली आणि शेताच्या फाटकाला बांधली. फाटक वाढत नाही, तिथे ती गाठ शोभते.

तिसरा उन्हाळा आला. शेवगा फुलून गेला, अडुळसा गेला, करवंदाला पांढरी फुलं लागली आणि पश्चिमेच्या मांडवावर गिलकं चढलं. ठरल्याप्रमाणे तिथे कोणी हात लावायचा नव्हता. बाकीच्या मांडवांखाली कलाबाई आणि मंडळी मान वर करून उभ्या, आणि पुष्पाबाई पश्चिमेला नुसत्या बसलेल्या. नुसतं बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. पहिल्या आठवड्यात फुलं आली आणि मागची गिलकी पिवळी पडून गळली. कलाबाईंना बघवेना. त्या हळूच म्हणाल्या, "पुष्पाताई, दहा-बारा फुलं चोळून टाकते. कोणाला कळायलंय?"

"ठाकोरभाईंना नाही कळणार," पुष्पाबाई कलाबाईंच्या मराठीत म्हणाल्या. "मला कळेल ना. आणि पुढच्या वर्षी पण तुझीच मान मोडेल."

त्या आठवड्यात "आवाज शे का?" या प्रश्नाला त्यांनी खरंखुरं उत्तर दिलं. थोडा आहे, पुरेसा नाही. लोटूभाऊंना खोटं सांगायचं नाही हे त्या एकदाच शिकल्या होत्या आणि पुरेपूर शिकल्या होत्या. ठाकोरभाईंनी जेसीबीवाल्याला महिनाअखेरची वेळ देऊन ठेवल्याचं कलाबाईंच्या कानावर आलं होतं. पुष्पाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि नव्या काड्यांना पाणी घालायला गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात निर्गुडी फुलली. सगळी एकदम, वईभर निळा-जांभळा तुरा. माश्या कुठून आल्या कोणास ठाऊक. लहान फुलोरी माश्या, मोठ्या माश्या आणि ते काळेकुळकुळीत भुंगे, जे फुलावर बसले की सगळा देठ खाली वाकतो. निर्गुडीवरून ते मांडवावर आले, कारण तिथे जायला त्यांना दहा पावलंही नव्हती. पिवळ्या फुलात शिरायचे आणि बाहेर निघताना पाठ पिवळी. पुष्पाबाई मांडवाच्या बाहेरच उभ्या राहिल्या, आपल्या सावलीचाही अडथळा नको म्हणून. चार दिवसांनी त्यांनी पहिलं गिलकं पाहिलं जे पिवळं पडलं नव्हतं. मग दुसरं. मग मोजणं सोडून दिलं.

महिनाअखेरच्या रविवारी मी तिथे होते, मुद्दामच. ठाकोरभाई काठी टेकत आले, पश्चिमेच्या मांडवाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वर गिलकी लोंबत होती, सरळ, हिरवी, दोन्ही टोकांना सारखी भरलेली. हाताने चोळलेली पुष्कळदा एका अंगाला वाकडी होतात. ते परत आले, वईशी थांबले, निर्गुडीचं एक पान चुरगाळून वास घेतला. कौतुक करण्याची त्यांना सवय नाही. उत्तरेकडच्या जाळीकडे काठी दाखवून म्हणाले, "पेली बाजु क्यारे करवानी?" ती बाजू कधी करायची, असं विचारलं त्यांनी. पुष्पाबाई म्हणाल्या, आषाढात, आणि पदर खोचून कामाला लागल्या. कलाबाईंनी मान चोळत देवाला हात जोडले.

लोटूभाऊ फाटकाशी बसून सोपट सोलत होते. त्यांना काय ठरलं ते कळलं नव्हतं. ठाकोरभाई गेले तसे ते उठले, आले, आणि रोज ओट्यावरून विचारायचे ते इथे, भर मळ्यात, आवाजाच्या मधोमध उभं राहून विचारलं, "आवाज शे का?"

 मी खिशातून पेन काढलं, काहीतरी लिहून दाखवावं म्हणून. गुणगुण हा शब्द लिहून काय उपयोग होता, देव जाणे. पुष्पाबाईंनी मान हलवली नाही आणि ओठही हलवले नाहीत. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्यांना मांडवाच्या कोपऱ्यातल्या जुन्या वाळक्या बांबूपाशी नेलं. बांबूला पेराखाली एक गोल भोक होतं आणि भोकाखाली ताजा पिवळसर भुसा पडला होता. आत भुंगा घर कोरत होता. त्यांनी लोटूभाऊंचा तळहात त्या बांबूवर ठेवला आणि वरून आपला ठेवला.

लोटूभाऊंनी डोळे मिटले. कारखान्यात मशीनच्या चौकटीवर हात ठेवून ते कसे उभे राहत असतील ते मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. बराच वेळ ते हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात काढावा लागला असता.

"चालू शे," ते म्हणाले. "चांगलं चालू शे."

पुष्पाबाईंनी आपला हात काढून घेतला. त्यांना उत्तरेच्या जाळीचे खांब मोजायचे होते.